भूजलाच्या समीकरणांचा सॉल्व्हर कसा तपासावा

जळगावात बसून मी भूजलाची मॉडेल्स करते. काम मुख्यतः तापीच्या उत्तरेकडच्या पट्ट्याचे: वर सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा बझाडा, त्याखाली रावेर-यावलची गाळाची केळीपट्टी, आणि खाली नदी. नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीतली पाणीपातळी हा एक अज्ञात धरायचा आणि शेजारच्या चार चौकटींशी होणारी पाण्याची देवघेव समीकरणात मांडायची. शंभर बाय शंभरची जाळी घेतली की दहा हजार समीकरणे हातात येतात. अ × क्ष = ब: अ मध्ये देवघेवीचे आकडे, क्ष म्हणजे अज्ञात पातळ्या, ब म्हणजे मुरणारे किंवा उपसले जाणारे पाणी. यातला अ हा मॅट्रिक्स (आकड्यांची ओळी-स्तंभांतली मांडणी) सममित असतो, म्हणजे ओळी आणि स्तंभ अदलाबदल केले तरी तोच राहतो, कारण दोन चौकटींमधल्या मातीतून पाणी जितक्या सहज इकडून तिकडे जाते तितक्याच सहज तिकडून इकडे येते.

एवढी समीकरणे सोडवायला कॉन्जुगेट ग्रेडियंट, म्हणजे सीजी, ही पद्धत आहे. हेस्टेन्स आणि स्टिफेल यांनी ती १९५२ मध्ये मांडली. तिला मॅट्रिक्स सममित आणि धन-निश्चित लागतो, म्हणजे शून्य नसलेला कोणताही क्ष घेऊन त्याला ‘अ × क्ष’ ने गुणले की बेरीज धनच आली पाहिजे. मॅट्रिक्स सममित आहे पण धन-निश्चित नाही, अशा वेळी पेज आणि सॉन्डर्स यांची १९७५ ची मिनरेस वापरतात. दोन्ही पद्धती फेरीफेरीने उत्तराजवळ जातात आणि दोन्हींचा कोड छोटा असतो. म्हणूनच आमच्याकडे प्रोजेक्टला येणारी इंजिनिअरिंगची मुले तो स्वतः लिहून बघतात, आणि त्यांनी लिहावाच. पण प्रोग्रॅम चालला, ‘कन्व्हर्ज झाले’ (उत्तरापर्यंत पोचलो) अशी ओळ उमटली, एवढ्यावर काम संपले असे मानू नका. या आकड्यावरून पुढे कोणीतरी बोअर किती खोल न्यायची ते ठरवणार असते. उत्तर आधीच माहीत आहे असे प्रश्न सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या या प्रोग्रॅमला, घाला. आणि ज्यांना उत्तरच नाही असेही घाला, तो नीट नकार देतो का ते बघा.

कागदावर तीन चौकटी

सुरुवात वही-पेनाने करा. एका रांगेत तीन चौकटी, दोन्ही टोकांना पातळी शून्य. मॅट्रिक्सच्या ओळी अशा: (२, −१, ०), (−१, २, −१), (०, −१, २). उजवी बाजू (१, ०, ०), म्हणजे फक्त पहिल्या चौकटीत पाणी मुरते. खरे उत्तर (३/४, १/२, १/४).

आता शून्यापासून सीजी चालवा. ‘ब वजा अ × क्ष’ याला मी शेष म्हणते. पहिला शेष (१, ०, ०), आणि पहिली दिशाही तीच. दिशेला अ ने गुणले की (२, −१, ०). पावलाची लांबी १/२. उत्तर झाले (१/२, ०, ०), शेष झाला (०, १/२, ०). नवी दिशा (१/४, १/२, ०), पाऊल २/३, उत्तर (२/३, १/३, ०), शेष (०, ०, १/३). तिसरी दिशा (१/९, २/९, १/३), पाऊल ३/४, आणि उत्तर बरोबर (३/४, १/२, १/४).

शेषाची लांबी (घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) १, १/२, १/३, ० अशी उतरली. हे चार आकडे तुमच्या प्रोग्रॅमने छापलेच पाहिजेत. शेवटच्या शून्याच्या जागी १०^−१६ च्या आसपासचे काही आले तर हरकत नाही. मधला एखादा आकडा चुकला तर पाऊल चुकले की दिशा, हे इथे पाच मिनिटांत सापडते. दहा हजार चौकटींत ते शोधायला आठवडा जाईल.

उजवी बाजू (१, ०, १) घेतली तर उत्तर (१, १, १) येते आणि दोनच फेऱ्यांत संपते. करून बघा, छान उदाहरण आहे. पण चाचणी म्हणून त्यावर विसंबू नका. सगळे घटक सारखे असले की चौकटींचे क्रमांक कुठे उलटसुलट झाले असतील तर कळतच नाही. मोठ्या चाचणीतही उत्तर आधी ठरवून ब = अ × क्ष असे उलटे काढायचे असते, तेव्हा क्ष मध्ये सगळीकडे १ टाकायचा मोह आवरा. यादृच्छिक आकडे घ्या, सीड (ते आकडे जिथून निघतात तो क्रमांक) पक्के ठेवा, म्हणजे उद्या तीच चाचणी पुन्हा तशीच चालवता येईल.

नदीची ओळ

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देते, कारण ही चूक लपून बसते.

तापीलगतच्या चौकटीत पातळी आपल्याला माहीत असते. त्या चौकटीची ओळ कोरी करून कर्णावर (ओळीतल्या तिच्या स्वतःच्या जागी) १ लिहायचा आणि उजवीकडे नदीची पातळी, हा सोपा मार्ग पुष्कळ जण घेतात. ओळ कोरी झाली, पण स्तंभ तसाच राहिला. शेजारच्या चौकटीच्या समीकरणात नदीचा −१ अजून आहे, आणि मॅट्रिक्स आता सममित नाही.

चोपड्याकडचा एक विद्यार्थी असाच प्रोग्रॅम घेऊन आला होता. म्हणाला, “मॅडम, उत्तर बरोबर येतंय, विहिरींच्या मोजमापाशीही जुळतंय.” आणि खरेच जुळत होते. मी त्याला म्हटले, “आता सुरुवात मोजलेल्या पातळ्यांपासून नको, सगळीकडे शून्य धरून कर.” उत्तराचा पार चुराडा झाला.

कारण दोन चौकटींतच दिसते. पहिली नदी, पातळी १. दुसरी चौकट नदी आणि एका शून्य पातळीच्या टोकाच्या मध्ये. ओळी (१, ०) आणि (−१, २), उजवी बाजू (१, ०), खरे उत्तर (१, १/२). सुरुवात (१, ०) पासून केली तर नदीच्या ओळीचा शेष पहिल्यापासून शून्य असतो आणि शून्यच राहतो. सॉल्व्हरला असममित भाग कधी दिसतच नाही. एका फेरीत (१, १/२) हजर. आता (०, ०) पासून करा. पहिल्या फेरीनंतर (१, ०), दुसऱ्या फेरीनंतर (१.५, ०.५). दोन अज्ञात, दोन फेऱ्या, काम संपायला हवे होते. उलट जी नदीची पातळी आपण स्वतः १ म्हणून बांधली, तीच दीडवर गेली.

यातून दोन चाचण्या निघतात. पहिली: तोच प्रश्न वेगवेगळ्या सुरुवातींपासून सोडवा, त्यात शून्य आणि यादृच्छिक सुरुवात हवीच, आणि उत्तरे ताडून बघा. दुसरी: सममिती थेट तपासा. दोन यादृच्छिक सदिश (आकड्यांच्या याद्या) प आणि फ घ्या. प ला ‘अ × फ’ ने गुणून येणारी बेरीज आणि फ ला ‘अ × प’ ने गुणून येणारी बेरीज सारखी हवी, फरक फक्त राउंडिंगचा. दोन्हीकडे एकच सदिश घेऊ नका, तो फरक कधीच दाखवणार नाही. मिनरेसच्या मूळ लेखकांच्या कोडमध्येही अशी तपासणी आहे: फ घेऊन ‘अ × फ’ काढतात, त्याला पुन्हा अ ने गुणतात आणि दोन बेरजा ताडतात. मशीनच्या अचूकतेच्या, म्हणजे सुमारे २.२ × १०^−१६ च्या, घनमुळाइतकी सूट देतात. ती सूट साधारण ६ × १०^−६ येते. पायथनच्या सायपाय या गणिती लायब्ररीत मिनरेसला ही तपासणी चालू करण्याचा पर्याय आहे. तो बाय डिफॉल्ट बंद असतो, चाचणीत चालू करा.

दुरुस्ती सोपी आहे. स्तंभही कोरा करा, आणि नदीची पातळी गुणिले वहनक्षमता (दोन चौकटींमधून पाणी किती सहज वाहते तो आकडा) एवढी रक्कम शेजारच्या चौकटीच्या उजव्या बाजूला टाका.

वहनक्षमता काढतानाही सममिती बिघडते. बझाड्याच्या भरड गोट्यांची चौकट आणि खालच्या चिकणमातीची चौकट शेजारी आली की दोघींच्या मधली वहनक्षमता हार्मोनिक सरासरीने काढायची: चौरस चौकटींसाठी २ × ट१ × ट२ भागिले (ट१ + ट२), यात ट१ आणि ट२ या दोघींच्या आपापल्या किंमती. कोणी आपल्या बाजूची एकटीच किंमत घेतली तर इकडची ओळ एक सांगते, तिकडची दुसरे. प्रीकंडिशनरलाही, म्हणजे फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून सीजीला जोडतात त्या मदतनीस पायरीलाही, हाच नियम लागू. तोही सममित आणि धन-निश्चित हवा, म्हणून गॉस-साइडेलची (एकेक चौकट क्रमाने दुरुस्त करत जायच्या पद्धतीची) एकच पुढची फेरी चालत नाही, पुढची आणि उलटी मिळून चालते.

किती फेऱ्या लागायला हव्यात

उत्तर बरोबर येऊनही सॉल्व्हर चुकीचा असू शकतो. दिशा काढण्याच्या सूत्रात गडबड असली तरी तो रखडत रखडत उत्तरापर्यंत पोचतो. म्हणून फेऱ्याही मोजा.

हजार घटकांचा कर्ण-मॅट्रिक्स घ्या, म्हणजे कर्णाबाहेर सगळीकडे शून्य. कर्णावर फक्त तीनच किंमती: १, २ आणि ५, कशाही पसरलेल्या. सीजीने तीन फेऱ्यांत संपवायला हवे, कारण फेऱ्यांची संख्या वेगळ्या आयगेनव्हॅल्यू (इथे त्या म्हणजे कर्णावरच्याच किंमती) किती आहेत यावर ठरते. चौथ्या फेरीनंतरही शेष मोठाच दिसला तर सूत्र चुकले आहे, कोड उघडा.

मग खरी जाळी. चारही कडांना पातळी बांधलेल्या, शंभर बाय शंभरच्या एकसारख्या मातीच्या जाळीचा कंडिशन नंबर (सर्वात मोठी आयगेनव्हॅल्यू भागिले सर्वात लहान) ४१०० च्या थोडा वर येतो. त्याचे वर्गमूळ ६४ च्या आसपास. सीजीच्या प्रसिद्ध मर्यादेने हिशेब केला तर चूक, ऊर्जेच्या मापाने (चुकीला ‘अ × चूक’ ने गुणून येणाऱ्या बेरजेचे वर्गमूळ), सुरुवातीच्या दशलक्षांश व्हायला जास्तीत जास्त ४७० च्या आसपास फेऱ्या लागाव्यात. ही वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात कमी लागतील. जास्त लागल्या तर काहीतरी बिनसले आहे. जाळी दोनशे बाय दोनशे केली की ही मर्यादा साधारण दुप्पट होते. तुमच्या फेऱ्या दुपटीऐवजी चौपट झाल्या तर तुम्ही सीजी लिहिलेले नाही, स्टीपेस्ट डिसेंट, म्हणजे दर फेरीला नुसते शेषाच्या दिशेने जाणारी मंद पद्धत, लिहिली आहे.

सीजीत शेष मध्येच वर जाऊ शकतो, त्याला घाबरू नका. चूक मात्र ऊर्जेच्या मापाने प्रत्येक फेरीला उतरलीच पाहिजे, आणि आपण उत्तर आधी ठरवले असल्याने ती मोजता येते. मिनरेसमध्ये शेष कधीच वाढता कामा नये. राउंडिंगपुरती सूट देऊन प्रत्येक फेरीला ही अट तपासा.

आणखी एक चाचणी मला फार आवडते. अ आणि ब दोघांना १०२४ ने गुणा. १०२४ हा २ चा घात असल्याने राउंडिंगला धक्का लागत नाही. सीजीच्या फेऱ्या तितक्याच आणि उत्तर शेवटच्या बिटापर्यंत तेच आले पाहिजे. आले नाही तर कोडमध्ये कुठेतरी १०^−१० सारखा ठोकळ आकडा थेट लिहून ठेवलेला आहे, आणि तो लिटरला एक आणि घनमीटरला दुसरे उत्तर देणार. ही चाचणी एकाच थ्रेडवर, म्हणजे काम समांतर न वाटता, करा. अनेक थ्रेडवर बेरजेचा क्रम दर वेळी बदलतो आणि शेवटचे अंक हलतात.

खरा शेष

सीजी शेष दर वेळी नव्याने काढत नाही. आधीच्या शेषातून वजाबाकी करत पुढे नेतो, कारण त्यात एक गुणाकार वाचतो. हा चालता शेष आणि खरा शेष सुरुवातीला हातात हात घालून उतरतात. मग खरा शेष एका पातळीला अडकतो, पण चालता शेष मात्र १०^−२०, १०^−२५ असा खुशाल खाली जात राहतो. सॉल्व्हर त्याच्याकडे बघून ‘झाले’ म्हणतो.

म्हणून सॉल्व्हर थांबला की बाहेरून, त्याच्या कोडला हात न लावता, ब वजा अ × क्ष पुन्हा काढा. चाचणीत निकाल या आकड्यावर द्या.

भूजलात या शेषाला अर्थ आहे. प्रत्येक चौकटीतला शेष म्हणजे दिवसाला इतके घनमीटर पाणी कुठून आले किंवा कुठे गेले याचा हिशेब लागला नाही. सगळ्या चौकटींची बेरीज म्हणजे मॉडेलच्या जलताळेबंदातली तूट. पण बेरजेवर भागवू नका. एका कोपऱ्यातली तूट आणि दुसऱ्या कोपऱ्यातली वाढ एकमेकांना खाऊन टाकतात. सर्वात मोठा शेष कोणत्या चौकटीत आहे ते छापा, आणि नकाशावर ती चौकट बघा. माझ्या अनुभवात ती बहुधा गोटे आणि चिकणमाती भिडतात तिथे असते.

थांबण्याची अटही वाचून घ्या. सायपायच्या सीजीत १०^−५ म्हणजे शेष भागिले ब ची लांबी. मिनरेसमध्ये तोच १०^−५ शेषाला अ आणि क्ष यांच्या लांबीच्या गुणाकाराने भागून ताडला जातो. आकडा एकच, कडकपणा वेगळा, आणि कंडिशन नंबर मोठा असला की मिनरेस पुष्कळ आधी थांबते. दोघांची तुलना करायची तर दोघांचा खरा शेष एकाच मापाने काढा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मॉडफ्लो या भूजल प्रोग्रॅममधल्या पीसीजीत (प्रीकंडिशनर लावलेल्या सीजीत) दोन अटी असतात: एका फेरीत पातळी किती हलली, आणि शेष किती उरला. पातळी हलणे थांबले म्हणजे उत्तर आले असे नाही, सॉल्व्हर नुसता मंद झालेला असू शकतो. दोन्ही अटी घट्ट ठेवा.

आणि शेष लहान म्हणजे चूक लहान, असेही नाही. सापेक्ष चूक सापेक्ष शेषाच्या कंडिशन नंबरपट असू शकते. हिल्बर्ट मॅट्रिक्सवर (ओळ आणि स्तंभ यांचे क्रमांक मिळवून एक वजा करा, १ ला त्याने भागले की तिथला घटक) हे डोळ्यांनी दिसते: पाच बाय पाचला कंडिशन नंबर सुमारे पावणेपाच लाख, दहा बाय दहाला १०^१३ च्या वर. तिथे शेष सुंदर आणि उत्तर भलतेच, असे घडते. अशा ठिकाणी चाचणी उत्तर जुळण्याची ठेवू नका, शेषाची ठेवा, नाहीतर चांगला सॉल्व्हर नापास कराल.

नकार देता येतो का

ब शून्य द्या. उत्तर शून्य यायला हवे, फेऱ्या शून्य. बरेच कोड इथे शून्याला शून्याने भागतात. सुरुवातच बरोबर उत्तरापासून केली तरी तसेच.

मग ओळी (०, १) आणि (१, ०), उजवी बाजू (१, ०). मॅट्रिक्स सममित आहे, धन-निश्चित नाही. सीजीच्या पहिल्याच पावलात छेदात शून्य येते. त्याने स्पष्ट सांगून थांबावे, ‘एनएएन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) पसरवू नये. मिनरेसचा शेष पहिल्या फेरीत जागचा हलत नाही, १ चा १ राहतो, आणि दुसऱ्या फेरीत उत्तर (०, १) येते. तुमच्या मिनरेसमध्ये ‘प्रगती नाही, थांबा’ अशी उतावळी अट असेल तर ती इथे पकडली जाईल. शेजारी एक गोष्ट बघून ठेवा: मॉडफ्लोसारखी समीकरणे मांडली तर कर्णावर ऋण आकडे येतात. छेद धन असावा अशी तपासणी ठेवली असेल तर आधी दोन्ही बाजूंना −१ ने गुणा.

शेवटची चाचणी चारही बाजू बंद केलेल्या जाळीची. नदी नाही, सातपुड्यातून येणारे पाणी नाही. आता प्रत्येक ओळीची बेरीज शून्य, म्हणजे मॅट्रिक्स सिंग्युलर, त्याला एकच एक उत्तर नसते. उपसा आणि पुनर्भरण यांची बेरीज शून्य असेल तर उत्तरे अगणित, सगळ्या पातळ्या एकाच उंचीने वर-खाली सरकवता येतात. ती बेरीज शून्य नसेल, नुसताच उपसा असेल, तर उत्तर नाही. पाणी जात राहते, पातळी कुठेच स्थिरावत नाही. केळीपट्टीतल्या शेतकऱ्याला हे गणिताशिवाय कळते, सॉल्व्हरलाही कळले पाहिजे.

इथे मिनरेसची चाचणी नेमकी लिहिता येते. जाळी अखंड जोडलेली असेल तर शेवटी शेष शून्य होणार नाही. प्रत्येक चौकटीत तो सारखाच उरेल: ब ची बेरीज भागिले चौकटींची संख्या. त्या शेषाला अ ने गुणले की शून्य आले पाहिजे. सॉल्व्हरने ‘समीकरणे विसंगत, लघुतम-वर्ग उत्तर दिले’ (म्हणजे शेष कमीत कमी ठेवणारे उत्तर) असा कोड परत द्यावा, ‘कन्व्हर्ज झाले’ असा नाही. अशा विसंगत प्रश्नात सगळ्यात लहान लांबीचे उत्तर हवे असेल तर मिनरेस त्याची हमी देत नाही. त्यासाठी चोई, पेज आणि सॉन्डर्स यांची २०११ ची मिनरेस-क्यूएलपी आहे.

छोट्या चाचण्या कोडच्या प्रत्येक बदलानंतर चालवा, सेकंदात होतात. मोठ्या जाळीच्या रात्री लावून ठेवा. आणि एखाद्या खऱ्या प्रकल्पात सॉल्व्हर अडकला तर तो अ, तो ब आणि ती सुरुवात फाइलमध्ये जपून ठेवा, एककांसकट: मीटर की फूट, दिवस की सेकंद. पुढच्या आवृत्तीची चाचणी त्या फाइलपासून सुरू करा.